दोन इंच पन्हा

अशोक चौकात माझं दुकान आहे.
सीटकव्हर, रबरी मॅट,
आरशाला टांगायचे चिमुकले नंदीध्वज,
मोगरा, चंदन, लिंबू अशा वासाच्या बाटल्या,
एप्रिल लागला की सगळ्यांचा वास एकच होतो.
आणि गल्ल्याखाली खोक्यात
पट्टा नसलेली बकलं.

साठ रुपयाला एक, जोडी शंभरला.
खाचेत सारलं की गाडीला वाटतं
माणूस बांधलाय,
मग ती गप्प बसते.

गिऱ्हाईक त्याचं नाव घेत नाही.
"ते टिंगटिंग बंद व्हायचं द्या की."
एक हाडांचे डॉक्टर येऊन घेऊन गेले,
पिशवी नको म्हणाले, खिशातच टाकलं.
इरण्णा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला,
"जायचं कुठं बे, विजापूर वेस ते सात रस्ता,
तेवढ्याला गळ्यात फास कशाला?"
मी काही बोलत नाही. सुटे देतो.
मलाही माहीत आहे,
या गावात पट्टा लावला की
शर्टावर तिरकी ओली रेघ उमटते
आणि लोक विचारतात, कुठल्या शाळेचा स्काउट?

दुपारनंतर नाना येऊन बसतात.
अडतीस वर्षं जेकार्डवर जॉबर होते.
कानात आता फक्त मागच उरलेत,
दुसऱ्या आवाजाला आत जागा नाही.
गाडी कितीही केकाटली तरी
नानांना ती गप्पच.

परवा कुंभारीला निघालो,
अक्काच्या नातवाचं बारसं.
शेजारच्या सीटवर मालाचा गठ्ठा ठेवला
तरी गाडी त्याला माणूस समजून ओरडते,
म्हणून त्याही खाचेत
मी आपलंच एक घालून ठेवलेलं.

नानांनी पट्टा ओढला.
लावला नाही.
चिमटीत धरून काचेतल्या उन्हाकडे नेला,
अंगठ्याच्या नखानं काठ खरवडला.
"दोन इंच पन्हा," ते ओरडले,
बोळातल्या दोन म्हशींनी वळून बघितलं.
"वीण बघ, वीण! किनार कशी बसलीय.
कुठल्या मागावर काढलं असंल हे?"

मला काय माहीत.
मी बारा वर्षं याचं नुसतं टोक विकतोय.

मग खाच भरलेली सापडली.
उपटून त्यांनी तळहातावर घेतलं.
मी कानाला हात लावून, बोट हलवून
सांगितलं, आवाज नको म्हणून.
बराच वेळ ते उलटंसुलटं करत राहिले.
"आमच्यात पण होतं," म्हणाले.
"ताण्याचा धागा तुटला की माग थांबायचा.
मजुरी नगावर. थांबून कुणाला परवडतंय?
सुतळी बांधून पत्त्या वर अडकवायचो.
मीच द्यायचो बांधून, चहावर.
माग पळायचा बघ, मस्त!
आणि खाली हातभर मोर निघायचे
मान नसलेले."

हसले. पुढचं काही सांगितलं नाही.

खट्.
ते त्यांनी बोटांनी ऐकलं.
मग माझ्याकडे वळून,
"तुझ्या पट्ट्याची अजून घडी मोडली नाही व्हय?"

मी ओढला. अडला.
जोरात ओढला. अडलाच.
"झटका नको देऊ बे,
झटक्याला तो धरणारच, कामच आहे त्याचं.
सूत घेतात तसा घे."

हळू हळू आला, आतून कोरा करकरीत,
ठाण उलगडल्यासारखा.
माझ्या खाचेतलं मात्र निघेना,
चार उन्हाळ्यांत चिकटून बसलेलं.
मागं रिक्षा, टमटम, पाण्याचा टँकर
सगळे हॉर्नवर हात ठेवून.
नाना निवांत,
छातीवरच्या कापडावरून तळवा फिरवत.

निघालं एकदाचं. चटका बसेल इतकं गरम.

सकाळी शटर वर केलं.
खोक्यात अकरा होती कालपर्यंत.
आता तेरा.